घरपट्टीचं बिल आणि डिस्चार्ज बुक

अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर करत गंगापूर गावात शिरतो, तोवर तो नाशिक महापालिकेचा असतो. गाव मागं पडून गोवर्धनची शीव लागली की ग्रामपंचायत सुरू होते. या रस्त्यावर दोन माजी सैनिक राहत असतील, एक जेहान सर्कलजवळच्या फ्लॅटमध्ये आणि दुसरा गोवर्धनच्या मळ्यात, तर दोघांनी एकाच तोफखान्यात नोकरी केलेली असली तरी घरपट्टीसाठी एकाला पालिकेच्या विभागीय कार्यालयात जावं लागतं, दुसऱ्याला ग्रामपंचायतीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला देवळाली कॅम्पात राहणाऱ्या तिसऱ्याची गाठ कँटोन्मेंट बोर्डाशी. ते चालतं २००६ च्या केंद्रीय कायद्यानं, त्याचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो, आणि राज्याच्या नगरविकास खात्याचा शासन निर्णय तिथं आपोआप लागू होत नाही.

नाशकात फौजी स्थायिक होतात त्याला कारण आहे. देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, गांधीनगरचं सैनिकी हवाई प्रशिक्षण, ओझरचा हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. कुठल्या ना कुठल्या पोस्टिंगमध्ये शहर ओळखीचं झालेलं असतं. लष्करी कॅन्टीन आणि २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना हाताशी असतो. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून जवान चाळिशीच्या आतच घरी येतो. मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. पेन्शन केंद्राची, दवाखाना केंद्राचा. पण नळ, रस्ता, दिवा, शाळा, दाखला आणि घरपट्टी ज्यांच्याकडे, त्या स्थानिक संस्थेशी त्याचा संबंध उरलेलं सगळं आयुष्य राहतो.

माजी सैनिकांसाठीची जुनी व्यवस्था मात्र जिल्ह्यापाशी थांबते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड आलं. त्याच धाग्यातून पुढं केंद्रीय, राज्य आणि जिल्हा सैनिक मंडळं उभी राहिली. जिल्हा मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि रोजचं काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळतात आणि शाळा, पंचायती, सरकारी कचेऱ्या निधी गोळा करतात. मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, सुरक्षारक्षकांची कामं मिळवून देतं. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. या सगळ्यात महापालिका आणि ग्रामपंचायत बराच काळ मदतनीस होत्या, जबाबदार नव्हत्या.

ते बदललं २०२० मध्ये. त्या वर्षी राज्य सरकारनं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं माजी सैनिक सन्मान योजना आणली: आधी गावांसाठी, मग सप्टेंबरात शहरांसाठी. तोवर घरपट्टीची माफी शौर्यपदकधारक आणि शहिदांच्या कुटुंबांसारख्या मोजक्यांपुरती होती. नव्या योजनेत राज्यात राहणारा कुठलाही माजी सैनिक, किंवा त्याची विधवा पत्नी, एका राहत्या घराची माफी मागू शकतो. रक्कम फ्लॅटगणिक कमी-जास्त असेल, पण आपण राहतो त्या गावानं आपली नोंद घेतली, हे यातून पहिल्यांदा कागदावर येतं. मला ही योजना मनापासून मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिची वाट इतकी खडतर असावी याचं वाईट वाटतं.

माफी मागावी लागते, ती आपणहून येत नाही. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला. त्यासाठी ओळखपत्र, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ. मग घरपट्टीची पावती, आधार, रहिवासाचा पुरावा, हमीपत्र. यातली एक अडचण जवळून पाहण्यासारखी आहे. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव लिहिलेलं असतं ते लग्नानंतर युनिटनं काढलेल्या पार्ट टू ऑर्डरप्रमाणे. क्लार्क परप्रांतीय, नाव इंग्रजीत. तिथं 'सुमनबाई' असतं, आधारवर 'सुमन', खरेदीखतावर माहेरचं नाव. नवरा हयात असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. तो गेल्यावर साठीच्या पुढची बाई पीपीओ दुरुस्त करायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसते. दुसरीकडे नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला असतो, पण पालिकेच्या दप्तरी नाव अजून बिल्डरचंच. तिथं माफीचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. यात कारकुनाचा दोष नाही. त्याच्यासमोर नाव जुळत नाही आणि जुळवून देण्याचा अधिकार त्याला नाही.

अशा वेळी शहरातला माणूस नगरसेवकाचं दार ठोठावतो. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. गोवर्धनच्या फौजीला निदान सरपंच पारावर तरी भेटत होता.

हे वेगळंही करता येतं. ब्रिटनमध्ये २०११ च्या कायद्यानं सैनिकांशी समाजाचा करार मान्य केला आणि तिथल्या सगळ्या स्थानिक परिषदांनी त्यावर सह्या केल्या. २०२१ च्या कायद्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. नोव्हेंबर २०२२ पासून घर, शिक्षण आणि आरोग्य या तीन बाबतींत निर्णय घेताना सैनिक-कुटुंबांची अडचण विचारात घेणं परिषदेवर बंधनकारक आहे. सरकारी घर मागणाऱ्याला त्याच गावात अमुक वर्षं राहिल्याची अट असते, ती सैनिकाला लावत नाहीत, कारण तो कुठं राहिला हे त्यानं ठरवलेलंच नसतं. आपल्याकडे नेमका उलटा प्रकार होतो. ज्याची वर्षं सियाचीन, तवांग, जैसलमेरला गेली, त्याच्याकडूनच रहिवासाचा पुरावा मागितला जातो.

नावं देण्यात मात्र आपल्या संस्था कमी पडत नाहीत. गंगापूर रोडवर शहीद सर्कल आहे, आणि ऑगस्ट २०२३ च्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगावी शिलाफलक लागले. हे व्हायलाच हवं. पण कुठल्या घरात माजी सैनिक राहतो हे सैनिक कल्याण कार्यालयाला माहीत असतं, आणि घर कुठलं हे घरपट्टी विभागाला. या दोन याद्या वर्षातून एकदा समोरासमोर ठेवल्या, एप्रिलच्या बिलावर 'माजी सैनिक / वीरपत्नी' असा एक रकाना छापला आणि नावांची तफावत गृहभेटीत मिटवण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याला दिला, तर अर्ध्या फेऱ्या वाचतील. त्याला नवा निधी लागत नाही. आयुक्तांचं एक परिपत्रक आणि ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरतो.

घाई करण्याचं कारण नाशिकरोडलाच आहे. जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला आर्टिलरी सेंटरमध्येही झालं. चार वर्षांनी त्यांतले फार तर २५ टक्के कायम होतील. बाकीचे पंचविशीच्या आसपास पेन्शनविना परततील, आणि योजनेप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही: कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही. म्हणजे २०२० च्या योजनेची व्याख्याही त्यांना ओळखणार नाही. दर्जा देणं दिल्लीच्या हातात आहे. पण पालिकेच्या अग्निशमन दलात, पाणीपुरवठ्यात, सुरक्षेत त्यांना संधी द्यायची का, त्यांच्यासाठी एक खिडकी उघडायची का, हे पालिकेच्या राजीव गांधी भवनात आणि गोवर्धनच्या ग्रामसभेत ठरवता येतं. पहिली तुकडी २०२७ च्या सुरुवातीला घरी पोहोचते.