चालत्या यंत्रातील प्रोग्रामचा मागोवा : एम्बेडेड प्रणालींचे प्रत्यक्षकालीन दोषशोधन

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. कुंडलिकेच्या काठावरील या शहराची ओळख पूर्वी व्यापारपेठ आणि नंतर संकरित बियाण्यांचे केंद्र अशी होती. गेल्या काही दशकांत तिच्यात पोलाद उद्योगाची भर पडली. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये बांधकामाच्या सळया काढायच्या, हा येथील मुख्य व्यवसाय होय. या कारखान्यांकडे पाहताना आग, धूर आणि क्रेन यांवर लक्ष जाते. परंतु भट्टीच्या वीजपुरवठ्याचे नियंत्रण असो, पाण्याच्या दाबाचे असो वा सळई कापण्याच्या क्षणाचे, त्यामागे एखाद्या लोखंडी पेटीत बसलेला छोटासा संगणक आणि त्याच्यात कायमचा बसविलेला प्रोग्राम असतो. अशा संगणकासच एम्बेडेड प्रणाली म्हणतात.

अशा प्रोग्राममध्ये दोष असल्यास तो कसा शोधावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो निरीक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. निरीक्षण करण्याच्या कृतीनेच निरीक्ष्य वस्तू बदलत असेल तर सत्य कसे कळावे? भौतिकशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र यांच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्याचे संगणकीय रूप एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केले आहे. उदाहरण कल्पित असून त्यातील आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत. दोषाचा प्रकार मात्र अगदी खरा आणि सर्वत्र आढळणारा आहे.

थांबवून पाहण्याची मर्यादा

टेबलावरील संगणकात दोष शोधण्याची रूढ रीत म्हणजे प्रोग्राम एका ठिकाणी थांबविणे, त्या क्षणी स्मृतीत कोणत्या किमती आहेत ते पाहणे आणि मग एकेक पायरी पुढे जाणे. १९९० मध्ये मान्य झालेल्या जेटॅग या प्रमाणकामुळे लहान प्रक्रियकांनाही पुढे ही सोय मिळाली. पगारपत्रक छापणारा प्रोग्राम दहा मिनिटे थांबविला तर काहीच बिघडत नाही. परंतु सेकंदाला दहा मीटर वेगाने धावणारी लालभडक सळई प्रोग्रामसाठी थांबत नाही. कातरयंत्राचा प्रक्रियक थांबविला की सळई न कापताच पुढे जाते, अडखळते आणि वेटोळे घेत उसळते. त्या वेटोळ्याच्या वाटेत माणूस असू शकतो. इंडक्शन भट्टीच्या नियंत्रकाचेही तसेच आहे. थायरिस्टरना योग्य क्षणी संदेश मिळाला नाही तर विद्युत्प्रवाह भलत्याच मार्गाने वाहू लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार जखमी झाले. त्या घटनेचा संबंध प्रोग्रामशी जोडण्याचे येथे प्रयोजन नाही. वितळलेल्या धातूच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ‘थोडा वेळ थांबवून पाहू’ या वाक्याचा अर्थ काय होतो, एवढेच लक्षात यावे.

सोळा सेंटिमीटरचे कोडे

एका रोलिंग मिलमधील शिअर म्हणजे कातरयंत्र विचारात घेऊ. सळई पुढे सरकताना तिच्या रोलरला जोडलेला एन्कोडर दर पाच मिलिमीटरला एक स्पंद पाठवितो. प्रत्येक स्पंदासरशी नियंत्रकातील गणक एकाने वाढतो. ३६ मीटर, म्हणजे ७२०० स्पंद पूर्ण झाले की कातर चालवावयाची, असा साधा नियम आहे. ३६ मीटरच्या तुकड्यातून थंड झाल्यावर बारा-बारा मीटरच्या तीन सळया निघतात. बाजारात सळई बारा मीटरची मागितली जाते.

नियंत्रकात ८०५१ हा आठ बिटांचा प्रक्रियक आहे. इंटेलने तो १९८० मध्ये बाजारात आणला आणि आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो प्रयोगशाळेत हाताळला आहे. स्पंद आला की प्रक्रियक हातातील काम क्षणभर सोडून गणक वाढवितो. यास इंटरप्ट म्हणतात. मुख्य प्रोग्राम दर २०० मायक्रोसेकंदांनी गणक वाचून ७२०० शी तुलना करतो.

तक्रार अशी की साधारण शंभर तुकड्यांमागे एक तुकडा आखूड निघतो. तो कधी थोडा, कधी जास्त असा आखूड नसतो. दर वेळी नेमका सोळा सेंटिमीटरनेच. तीन सळयांपैकी शेवटची ११.८४ मीटरची होते आणि ती आखूड मालात काढावी लागते. अशा वेळी देखभाल विभाग एन्कोडर बदलतो, मग केबल, मग संपूर्ण कार्ड. दोष तसाच राहतो, कारण तो यंत्रात नसून वाचण्याच्या पद्धतीत आहे.

७२०० ही संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच बसते, म्हणून गणक दोन बाइटांत ठेवलेला असतो : वरचा बाइट २५६ चे गट मोजतो व खालचा उरलेले सुटे. आठ बिटांचा प्रक्रियक हे दोन बाइट एकाच वेळी वाचू शकत नाही. आधी एक, मग दुसरा. गणक ७१६७ वर असताना वरच्या बाइटमध्ये २७ व खालच्यात २५५ असतात. मुख्य प्रोग्रामने खालचा बाइट वाचला : २५५. नेमक्या त्याच वेळी स्पंद आला आणि गणक ७१६८ झाला, म्हणजे वर २८ आणि खाली ०. आता प्रोग्राम वरचा बाइट वाचतो : २८. हाती आलेली संख्या २८ गुणिले २५६ अधिक २५५, म्हणजे ७४२३. गणकात अशी संख्या कधीच नव्हती. ती अर्धी जुनी आणि अर्धी नवी आहे. परंतु ७४२३ ही ७२०० पेक्षा मोठी असल्याने कातर तत्काळ चालते. त्या वेळी प्रत्यक्षात ७१६८ स्पंद झालेले असतात, म्हणजे ३२ स्पंद कमी, म्हणजेच सोळा सेंटिमीटर.

याआधीच्या २५६ च्या सीमांवरही असे अर्धवट वाचन घडू शकते, पण तेथे हाती येणारी चुकीची संख्या ७२०० च्या आतच राहते व कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून चूक नेहमी एकाच मापाची दिसते. दोन बाइट वाचण्यातील फट सुमारे दोन मायक्रोसेकंदांची आणि वाचन दर २०० मायक्रोसेकंदांनी, म्हणून शंभरातून एकदा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी वरचा आणि मग खालचा बाइट वाचला असता तर या ठिकाणी हाती ६९१२ ही लहान संख्या आली असती, कातर चालली नसती आणि पुढच्या फेरीत सर्व सुरळीत झाले असते. दोष तेव्हाही असताच, फक्त तो दिसला नसता. चालू स्थितीत असलेल्या किती प्रोग्रामांची ‘निर्दोषता’ अशा योगायोगावर उभी आहे, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

पाहिले की नाहीसा होणारा दोष

हा उलगडा आता सोपा वाटतो, कारण वाचकाला आतले दिसत आहे. कारखान्यातील तंत्रज्ञाला आतले दिसत नाही. तो पहिला उपाय करतो तो असा : प्रत्येक फेरीत गणकाची किंमत सीरियल तारेने बाहेर पाठवून पडद्यावर पाहणे. तीस अक्षरांची ओळ, सेकंदाला ९६०० बिट हा वेग, आणि प्रत्येक अक्षरास आरंभ व समाप्तीच्या खुणा धरून दहा बिट. एका ओळीस सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. २०० मायक्रोसेकंदांची फेरी आता एकतीस हजारांहून अधिक मायक्रोसेकंदांची झाली. दोन मायक्रोसेकंदांच्या फटीत स्पंद सापडण्याची शक्यता शंभरात एक होती, ती पंधरा हजारांत एक झाली. दोष ‘नाहीसा’ झाला. शिवाय ३१ मिलिसेकंदांत सळई ३१ सेंटिमीटर पुढे जाते, त्यामुळे आता तुकडे शून्य ते एकतीस सेंटिमीटरपर्यंत कमीजास्त लांब निघू लागतात. जुना आजार दिसेनासा झाला आणि औषधाचा नवा आजार जडला. छपाई काढून टाकली की पूर्वीचा दोष हजर.

अशा दोषांना संगणकशास्त्रात ‘हायझेनबग’ म्हणतात. हा शब्द जिम ग्रे यांच्या १९८५ च्या विवेचनामुळे रूढ झाला. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना हे नामकरण थोडे सैल वाटेल व ते योग्यच आहे. येथे अनिश्चिततेचा सिद्धान्त नाही, केवळ निरीक्षणास लागणारा वेळ आहे. म्हणून येथे सुटकेचा मार्गही आहे : निरीक्षणास लागणारा वेळ कमी करणे.

मागोवा म्हणजे काय

प्रत्यक्षकालीन मागोव्याचे मूळ तत्त्व असे की घटना घडताना फक्त तिची त्रोटक नोंद करावी. ती नोंद वाचणे, सजविणे, समजावणे हे सर्व नंतर किंवा दुसऱ्या संगणकावर करावे. स्मृतीत एक छोटी वही राखून ठेवावयाची. ती भरली की पुन्हा पहिल्या पानापासून जुने पुसून नवे लिहावयाचे. यास चक्राकार बफर म्हणतात. आपल्या उदाहरणात प्रत्येक फेरीस चार बाइटांची नोंद पुरते : वाचलेली संख्या दोन बाइट आणि वेळ दोन बाइट. यास सुमारे वीस मायक्रोसेकंद लागतात असे धरले तर फेरी २२० मायक्रोसेकंदांची होते आणि दोष शंभराऐवजी एकशे दहा तुकड्यांमागे एकदा दिसतो. निरीक्षणाचा परिणाम आहे, पण त्याने सत्य झाकले जात नाही.

८०५१ च्या पोटात अंतर्गत स्मृती १२८ बाइट एवढीच असते. त्यातील ६४ बाइट दिले तर सोळा नोंदी मावतात. त्यात कातर चालण्यापूर्वीच्या साडेतीन मिलिसेकंदांचा इतिहास उरतो, आणि या प्रश्नासाठी तेवढा पुरेसा आहे. कातर चालताच वही गोठवावयाची आणि पुढचा तुकडा कातरीपाशी येईपर्यंतच्या तीन-साडेतीन सेकंदांच्या मोकळ्या काळात ती सावकाश बाहेर पाठवावयाची. ९६०० च्या वेगानेही त्यास ६७ मिलिसेकंद लागतात. आखूड तुकड्यानंतरची वही वाचली की डोळ्यांसमोर येते : ७१६६, ७१६७, ७१६७, ७४२३. दोन वाचनांत २२० मायक्रोसेकंदांचे अंतर आणि संख्येत २५६ ची उडी. २५६ हा आकडा दिसताच जाणकाराला पुढचे सांगावे लागत नाही.

येथे दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. पहिली, प्रोग्रामने जी संख्या तुलनेसाठी वापरली तीच नोंदवावी. नोंद करण्यासाठी गणक पुन्हा वाचला तर वहीत ७१६८ ही निरागस संख्या उतरते आणि पुरावा नष्ट होतो. दुसरी, वेळ सांगणारा टायमरही दोन बाइटांचाच असतो. तो निष्काळजीपणे वाचल्यास मागोवा घेणाऱ्याच्या हातून तोच दोष घडतो, ज्याचा तो मागोवा घेत आहे.

नव्या प्रक्रियकांत ही वही हार्डवेअरमध्येच उतरली आहे. १९९९ मध्ये नेक्सस ५००१ हे प्रमाणक आले. आर्म कंपनीने २००४ मध्ये जाहीर केलेल्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये एखाद्या स्मृतिस्थानावर पाळत ठेवण्याची सोय आहे. तेथे नवी किंमत लिहिली जाताच ती एका पिनेवरून बाहेर पाठविली जाते आणि प्रोग्रामला त्यासाठी एकही जादा आज्ञा पार पाडावी लागत नाही. त्यातील चक्रगणक ३२ बिटांचा असून ७२ मेगाहर्ट्‌झ वेगास सुमारे ६० सेकंदांनी शून्यावर येतो, हे विसरल्यास वेळेचा हिशोब चुकतो. ही पिनही अमर्याद नाही. माहिती तिच्या कुवतीपेक्षा वेगाने आली तर काही नोंदी गळतात व ‘येथे गळती झाली’ अशी खूण उमटते. ही खूण दुर्लक्षिणे म्हणजे पाने फाटलेल्या वहीवरून निवाडा देणे होय.

मंगळावरील वही

मागोव्याचे महत्त्व जगाला पटविणारी घटना पृथ्वीपासून दूर घडली. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. हवामानाच्या नोंदी घेणारे कमी प्राधान्याचे काम एक सामाईक साधन अडवून बसे, मध्यम प्राधान्याचे काम त्याला बाजूला सारून चालत राही, आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या साधनाची वाट पाहत खोळंबे. ठरलेल्या वेळेत काम न झाल्याने देखरेखीची यंत्रणा संगणक पुन्हा सुरू करी. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीत मागोवा चालू ठेवून तीच परिस्थिती पुन्हा घडविली व घटनाक्रम वाचून कारण शोधले. दुरुस्तीही दूरवरून करता आली, कारण तपासणीच्या सोयी यानातील प्रोग्राममधून उड्डाणापूर्वी काढून टाकलेल्या नव्हत्या.

याच्या उलट अनुभव थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्या सहा अपघातांत रुग्णांना घातक मात्रा मिळाली. त्यातील एका दोषात एक बाइटचा गणक दर २५६ व्या फेरीस शून्यावर येई आणि त्या क्षणी सुरक्षेची तपासणी वगळली जाई. रोलिंग मिलमधील २५६ आणि रुग्णालयातील २५६ हे एकाच कुळातले. आत नेमके काय घडले याची पुरेशी नोंद यंत्र ठेवत नव्हते. त्यामुळे रुग्णाची वेदना खरी की यंत्राचा पडदा खरा, असा वाद झाला आणि काही काळ पडद्यावर विश्वास ठेवला गेला.

महाविद्यालयातील प्रयोग

बहुतांश कारखान्यांत नियंत्रण पॅनेल बाहेरून येते, प्रोग्राम कुलूपबंद असतो आणि वही ठेवली असली तरी ती उघडण्याचा अधिकार पुरवठादाराकडे राहतो. खरेदीच्या करारात कार्ड, केबल व हमी यांचा उल्लेख असतो. घटनांची नोंद वाचू देण्याचे कलमही तेथेच मागावे लागेल. आखूड सळईचे नुकसान मालक सोसतो, पण शिअरजवळ उभा असलेला कामगार त्या कलमाअभावी नेमके काय पणाला लावतो, हे करारावर सही करणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

वरील दोष प्रयोगशाळेत दाखविण्यास भट्टी लागत नाही. ८०५१ चा सराव-संच, १२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक आणि २००० हर्ट्‌झचा चौरस तरंग देणारा फंक्शन जनरेटर पुरेसा आहे. सेकंदाला दहा मीटर वेगाच्या सळईचे स्पंद हेच असतात. कातरीऐवजी एक एलईडी लावावा. विद्यार्थ्यांनी प्रथम छपाईसह, नंतर चक्राकार बफरसह एक-एक हजार आवर्तने घ्यावीत आणि दोन्हींतील चुका मोजाव्यात. एका आवर्तनास ३.६ सेकंद, म्हणजे हजारांस एक तास. त्यानंतर गणक वाचण्यापूर्वी इंटरप्ट क्षणभर बंद करून, किंवा वरचा बाइट दोनदा वाचून तो जुळतो की नाही हे पाहून, तिसरी फेरी घ्यावी. बफर तसाच चालू ठेवावा.