बेटं फिरायचीत? मग 'गाईड' घ्या, पण कितवीचं नाही!

औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात जा आणि 'गाईड आहे का?' असं विचारा. समोरून पहिला प्रश्न येणार, 'कितवीचं?' आपल्याकडे गाईड म्हणजे परीक्षेचं, अपेक्षित प्रश्न आणि तयार उत्तरांचं. प्रवासाचं गाईड नावाची वेगळी जमात असते आणि तीही पुस्तकाच्या रूपात मिळते, हे मोबाइल हातात आल्यापासून आपण विसरूनच गेलोय.

आता समजा, तुमच्या पाच जणांच्या ग्रुपने ठरवलंय की यंदा डोंगर नको, बेटं करायची. एका सुट्टीत तीन-चार जलदुर्ग. कल्पना भारी आहे. पण आपण राहतो समुद्रापासून कितीतरी लांब. पुण्यामार्गे अलिबाग गाठायचं तरी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. भरती-ओहोटी आपण भूगोलाच्या पेपरात लिहिली, डोळ्यांनी फारशी पाहिली नाही. त्यामुळे मोबाइलला नेमकं विचारायचं काय, हेच आपल्याला माहीत नसतं. आणि मोबाइल विचारलेल्याचंच उत्तर देतो.

'महाराष्ट्रातली बेटं' असं शोधलं की घारापुरी, जंजिरा, सिंधुदुर्ग एकाच यादीत एकाखाली एक येतात. वाटतं, शेजारीशेजारीच असतील. अलिबाग ते मालवण हे अंतर चारशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे आपल्या शहरातून अलिबागला जाण्याइतकंच! पुस्तकातला नकाशा उघडला तर हा घोळ एका नजरेत मिटतो. थळच्या समोर खांदेरी-उंदेरी, अलिबागसमोर कुलाबा, तिथून रेवदंड्यावरून पन्नासेक किलोमीटर खाली मुरूड, आणि मुरूडच्या समुद्रात जंजिरा अन् पद्मदुर्ग. ही झाली दोन-तीन दिवसांची एक सलग ट्रिप. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग पुढच्या सुट्टीला ठेवा. प्र. के. घाणेकरांचं 'जलदुर्गांच्या सहवासात' लायब्ररीत मिळालं तर आधी ते घ्या. ते नुसतं 'कसं जायचं' सांगणारं पुस्तक नाही, म्हणून तर ते घ्या.

जंजिऱ्याचंच बघा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी तुम्हाला नेते आणि किल्ल्यावर मोजका वेळ देते, बहुतेकदा पाऊण तास. एवढा मोठा किल्ला, पाऊण तास, आणि त्यातले वीस मिनिटं रील्समध्ये गेले तर उरलं काय? महादरवाज्यावरचं हत्ती पकडलेल्या शरभाचं शिल्प, कलालबांगडी तोफ, चहूकडे खारं पाणी असताना आत असलेले गोड्या पाण्याचे तलाव, हे आधी वाचून गेलात तर पाऊण तास पुरतो. आणि जंजिऱ्यासमोरचा पद्मदुर्ग तिथे का उभा राहिला, हे कळलं तर समोरचा समुद्र वेगळाच दिसायला लागतो. सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी त्याच्या नाकासमोर तो बांधला. १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू झालं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आरमार आणून ते थांबवायचा प्रयत्न केला. लगेच पुढच्या वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर किल्ला उभारला. चार बेटं, पण गोष्ट एकच. सुटे फोटो बघून ती जुळत नाही.

तरीही पुस्तकाच्या भरवशावर डोळे झाकून निघू नका. पहिल्या पानामागे छपाईचं वर्ष असतं, ते आधी बघा. होडीचं भाडं, लॉजचे दर, एसटीच्या वेळा यांवर सरळ काट मारा. ते छापून येईपर्यंतच जुनं होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शिवकाळाशी जोडलेले १२ किल्ले गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. हे जुन्या आवृत्तीत सापडणार नाही. अंदमानचं जुनं गाईड घेतलं तर नावांचाच गोंधळ. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नील बेट शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. नावं बदलण्याचं आपल्याला नवल नाही म्हणा! आपलं स्वतःचं शहर जुन्या गाईडमध्ये वेगळ्याच अक्षराखाली शोधावं लागतं.

सुट्टीचे दिवस मात्र लवकर शिळे होत नाहीत. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे आपल्याला पाठ आहे. बाहेरून आलेला पाहुणा मात्र नेमका मंगळवारी वेरूळला निघतो. घारापुरीला आपण पाहुणे असतो, आणि ती लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्याचंही तेच. आपली परीक्षा मे अखेरपर्यंत लांबते, मग सगळे जूनमध्ये मोकळे होतात, आणि नेमक्या तेव्हाच जंजिऱ्याच्या होड्या बंद होतात. पद्मदुर्ग आणि खांदेरीला तर एरवीही मच्छीमारांशी बोलून होडी ठरवावी लागते. उंदेरीवर नीट धक्का नाही. उतरता येईल की नाही हे त्या दिवसाचं पाणी ठरवतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाईडमध्ये कुलाबा किल्ल्यापुढे एक वाक्य असतं, 'ओहोटीच्या वेळी चालत जाता येते.' वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. कुठल्या दिवशी, किती वाजता? चुकलात तर परतीच्या वाटेवर पाणी चढलेलं असतं आणि ते आपल्यासाठी थांबत नाही. यासाठी कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशोब आहे: त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यात सहा तास मिळवा, नऊ वाजता पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. अष्टमीच्या आसपास वेळ कितीही सोयीची असली तरी ती भांगाची ओहोटी. पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणजे ट्रिपची तारीख ठरवायला घरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही लागतं, आणि आईला 'आज तिथी कोणती?' विचारावं लागतं. ती चकित होईल, होऊ द्या.

हा हिशोब अंदाजाचा आहे, बरं का. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तिथल्या कोळ्याला किंवा घोडागाडीवाल्याला 'मामा, पाणी कधी भरतंय?' हे विचारायचंच, आणि ते 'आता नका जाऊ' म्हणाले तर नाही जायचं. मग तो वेळ गावातल्या कान्होजी आंग्र्यांच्या समाधीसाठी ठेवा. तीही पुस्तकात त्याच पानावर असते.

खर्चाचं म्हणाल तर पाच जणांत एक पुस्तक पुरतं. लायब्ररीतून आणा, लागतील त्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाका. होडीत बसल्यावर रेंज गेली तरी ती पानं फोनमध्ये उघडतात.