कोंदणात हरवलेली सुरई

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील एका लहानशा लिलावगृहाने जानेवारी २००८ मध्ये एक सुरई विक्रीस काढली. सूचीत तिची नोंद एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच मद्यपात्र अशी होती आणि अंदाजित किंमत होती १०० ते २०० पौंड. प्रत्यक्षात बोली थांबली ती दोन लाख २० हजार पौंडांवर! पुढे तो व्यवहार संबंधितांच्या संमतीने रद्द झाला आणि ७ ऑक्टोबर २००८ रोजी लंडनमध्ये ‘ख्रिस्तीज’च्या लिलावात त्याच सुरईला ३१ लाख ७७ हजार २५० पौंड मिळाले. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली होती. ही सुरई सुमारे हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये, फातिमी खलिफांच्या राजवटीत घडली, हे आता मान्य झाले होते.

पहिल्या लिलावगृहाची ही चूक अगदीच अक्षम्य नव्हे. सुरईला सोन्याचे, मिनाकाम केलेले कोंदण आहे. ते १८५४ साली झाँ-व्हालांताँ मोरेल या फ्रेंच सुवर्णकाराने चढविले. नजर प्रथम जाते ती या झळाळत्या कामावर. साहजिकच त्याच्या आतले पात्रही त्याच काळचे समजले गेले. जाणत्यांनी मात्र कोंदणाआड पाहिले. तिथे साखळ्यांनी जखडलेले चित्ते कोरलेले होते.

स्फटिक आपल्याला माळेतून वा देवघरातल्या शिवलिंगातून परिचित आहे. पण त्याची सुरई करणे हे वेगळेच प्रकरण. काच वितळवून फुंकता येते, स्फटिक केवळ झिजवावा लागतो. काठिण्याच्या मापनश्रेणीत त्याचा क्रमांक सातवा. साधे पोलाद त्याच्यावर ओरखडाही उमटवू शकत नाही. म्हणून फिरत्या चाकावर कुरुंदासारखी कठीण पूड आणि पाणी सोडून तो कणाकणाने घासावा लागे. आतला भाग तर चिंचोळ्या गळ्यातून पोखरावा लागे. उत्तम फातिमी सुरयांची भिंत काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची आहे आणि त्याच भिंतीवर उठावाचे नक्षीकाम आहे. अखेरच्या दिवशी हात चुकला, तर साऱ्या श्रमांवर पाणी! बसऱ्याच्या स्फटिक-कारागिरांविषयी अल् बिरूनीने नोंदविलेली एक गोष्ट म्हणूनच लक्षात राहते. दगड पाहून त्यातून कोणते पात्र निघेल, हे ठरविणाऱ्या पारख्याला प्रत्यक्ष घडविणाऱ्यापेक्षा अधिक मोबदला मिळत असे.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात कैरोत वेतन थकलेल्या सैन्याने खलिफाचा खजिना लुटला आणि तेथील मौल्यवान पात्रांना पाय फुटले. फातिमी स्फटिकपात्रे पुढे युरोपातील चर्चच्या खजिन्यांत दिसतात. खलिफा अल् अझीझचे (कारकीर्द ९७५ ते ९९६) नाव कोरलेली एक सुरई आजही व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये आहे. नव्या धन्यांनी या पात्रांना सोन्याचांदीची कोंदणे चढविली. त्याने फुटका काठ झाकला जाई, बैठक भक्कम होई आणि परधर्मीयांची वस्तू पूजास्थानी ठेवण्याजोगी होई.

कधी कधी कोंदण हाच पात्राचा दाखला ठरतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एलिनॉरचे स्फटिकपात्र फातिमी नाही, ते त्याहूनही जुने मानले जाते. बाराव्या शतकात सेंट डेनिसचा मठाधिपती सुजेर याने त्याच्या कोंदणावर लेख कोरविला. एलिनॉरच्या आजोबांकडून ते कसे तिच्याकडे, तिच्याकडून पती राजा लुईकडे आणि त्याच्याकडून आपल्याकडे आले, ही सारी वंशावळ त्यात आहे. सुजेरने दात्यांची नावे जपली. मोरेलच्या सुंदर कामाने मात्र जुन्या कारागिराचे अस्तित्वच झाकून टाकले. कोंदण मूळ वस्तूचे मोल वाढविते, असे सरसकट म्हणण्यापूर्वी या दोन पात्रांकडे पाहावे.

आणि नुकसान भरून येत नाही, हेही खरे. फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातील संग्रहालयात अशीच एक सुरई होती. कैरोचा पाया घालणारा सेनापती जौहर याचा पुत्र हुसेन याचे नाव तिच्यावर होते. राजवटी उलथल्या, समुद्र ओलांडले गेले, तरी ती टिकली. १९९८ मध्ये ती संग्रहालयातच एका कर्मचाऱ्याच्या हातून निसटली आणि तिच्या ठिकऱ्या झाल्या. अशा सुरया जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्यांतली एक कमी झाली.

सॉमरसेटमधली सुरई पुढे ‘कीर संग्रहा’त दाखल झाली आणि २०१४ मध्ये त्या संग्रहाबरोबर दीर्घ मुदतीच्या कराराने अमेरिकेतील डॅलस कला संग्रहालयात गेली. मोरेलचे कोंदण तिच्यावरून उतरविलेले नाही. फक्त नोंदीत आता फातिमी घडण आधी येते आणि १८५४ हे साल त्यानंतर.