वाचनालयाची पायरी

काही वर्षांपूर्वी एक भगिनी दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय पंचेचाळिशीच्या आसपास, शिक्षण सातवीपर्यंत. पतीच्या निधनानंतर त्यांची झोप उडाली होती. रक्तदाब, रक्तातील साखर, थायरॉइड सर्व ठीक होते. दिवस कामात जाई. रात्र मात्र सरत नसे. बोलण्याच्या ओघात समजले, की माहेरी असताना त्यांना वाचनाचे वेड होते.

"मग ताई, वाचनालयातून पुस्तक का आणत नाही?" मी विचारले.

"दोनदा गेले होते, डॉक्टरसाहेब. दारातूनच माघारी आले. तिथं सगळे गडीमाणसं पेपर वाचत बसलेले. माझ्यासारखीनं आत जाऊन काय मागावं?"

राणीसावरगावसारख्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. त्यामुळे येथे ही लाज शहरापेक्षा जड असते. मी स्वतःही तिच्यातून गेलो आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी शहरात गेलो तेव्हा ग्रंथालयातील तालिका कशी पाहायची हे ठाऊक नव्हते आणि विचारण्याचे धाडस नव्हते. पहिले काही महिने मी मित्रांच्या वह्यांवरच भागवले.

लाजेचे शरीरशास्त्र

अनोळखी जागी लोक आपल्याकडे पाहत आहेत असे वाटताच मेंदू धोक्याचा इशारा देतो. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, तोंडाला कोरड पडते. साप दिसल्यावर शरीर जे करते, तेच ते येथे करते. फरक एवढाच, की येथे साप नसतो.

दारातून परत फिरल्यावर जिवाला हायसे वाटते. खरा घात हाच. "परतलो म्हणून वाचलो" असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी भीती अधिक लवकर उठते. याउलट आपण तेथेच थांबलो, तर ती हळूहळू ओसरू लागते. हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला की इशाराही सौम्य होतो. शिवाय, आपल्याकडे जितके लोक पाहत आहेत असे आपल्याला वाटते, त्याहून प्रत्यक्षात फार कमी लोक पाहत असतात, असे मानसशास्त्रीय प्रयोगांतही दिसून आले आहे. पेपर वाचणाऱ्याचे लक्ष बहुधा पेपरातच असते.

उपकार नव्हे, हक्क

'वाचनालय शिकलेल्यांचे' हा समज या लाजेचे मूळ आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतील पहिली तीन. वाचकाच्या पदवीचा उल्लेख त्यांत कोठेही नाही. निजामाच्या राजवटीतही, १९०१ मध्ये, परभणीकरांनी गणेश वाचनालय उभे केले. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते. ते अनुदान आपल्याच करांतून येते. आणि आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंना तरी कोणत्या शाळेचा दाखला होता?

पायरी-पायरीने

भीतीवर एकदम धडक मारू नये. तिला सवय लावावी. त्या भगिनींना मी कागदावर पुढील क्रम लिहून दिला.

१. पहिल्या दिवशी फक्त आत जाऊन बसावे आणि वर्तमानपत्र चाळावे. गर्दी कमी असेल ती वेळ निवडावी. धडधड झाली तरी दहा मिनिटे उठू नये. श्वास सावकाश सोडावा.

२. दुसऱ्या खेपेस कपाटांसमोर उभे राहून पुस्तकांची नावे वाचावीत.

३. तिसऱ्या खेपेस ग्रंथपालांना एकच प्रश्न विचारावा : "सभासद होण्यासाठी काय लागते?" बहुधा एक अर्ज, थोडी अनामत रक्कम आणि वर्गणी, एवढेच लागते.

४. पहिले पुस्तक लहान घ्यावे. कथासंग्रह किंवा मुलांचे पुस्तकही चालेल. न आवडल्यास अर्धवट परत करण्यात कमीपणा नाही.

एखादी पायरी जड गेली, तर आधीची पुन्हा करावी. झोपण्यापूर्वी मोबाइलऐवजी मंद प्रकाशात कागदी पुस्तक वाचणे झोपेलाही हितकारक ठरते.

घरच्यांनी काय करावे

"या वयात कशाला?" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. लाजाळू मुलाला पाहुण्यांसमोर "आमचा फार बुजरा" म्हणू नये. तो शिक्का त्याच्या मनावर बसतो. पहिल्यांदा सोबत जावे, परंतु त्याच्या वतीने बोलू नये. प्रश्न त्यालाच विचारू द्यावा.

सल्ला केव्हा घ्यावा

बुजरेपणा हा आजार नव्हे. मात्र बाजार, बँक, शाळा, लग्नकार्य अशा सर्वच ठिकाणी जाणे टाळले जात असेल, हे सहा महिन्यांहून अधिक काळ चालले असेल आणि कामकाज अडत असेल, तर तो सामाजिक चिंताविकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. शोकानंतरची उदासी दीर्घकाळ हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना सांगावे.

त्या भगिनी तिसऱ्यांदा गेल्या त्या भाचीला सोबत घेऊन. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घामाने भिजल्या, पण उठल्या नाहीत. पुस्तकांनी त्यांचे दुःख नाहीसे केले असे मी म्हणणार नाही. झोपही हळूहळूच परतली. काही महिन्यांनी त्या रक्तदाब तपासण्यासाठी आल्या, तेव्हा पिशवीत वाचनालयाचा शिक्का असलेले जाडजूड पुस्तक होते. तपासणी होताच त्या लगबगीने उठल्या.

"बसा की ताई, चहा घ्या."

"नको डॉक्टरसाहेब, वाचनालय बंद व्हायच्या आत पोचायचंय. आज नाही दिलं तर दंड लागतो."