युनिट टेस्ट कोणत्या भाषेत लिहावी?

संगणक प्रोग्राममधील एखादा छोटा भाग, बहुधा एकच फंक्शन, बाकीच्यांपासून सुटा करून तपासणाऱ्या चाचणीला युनिट टेस्ट म्हणतात, आणि अशा चाचण्या प्रकल्पभर एकाच भाषेत असाव्यात का, हा प्रश्न चाचणी नेमकी कशाची घ्यायची या मूळ मुद्द्याशी जाऊन भिडतो. सुटा भाग तपासणे वेगळे आणि त्यातून घडणारी पूर्ण वस्तू तपासणे वेगळे; कापसाच्या बाबतीत हा भेद मुंबईच्या परिचयाचा आहे. नायगावची स्प्रिंग मिल आणि आसपासच्या गिरण्या चालू होत्या त्या काळात, १९२४ साली, शेजारच्या माटुंग्यात स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या प्रयोगशाळेत (आजच्या ‘सिरकॉट’मध्ये) तंतूचे गुणधर्म वेगळे मोजले जात आणि त्याच कापसाचे सूत कातूनही पाहिले जाई.

सोर्स कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत मात्र सुटे भाग आणि पूर्ण प्रोग्राम तपासण्याची दोन्ही कामे वर्षानुवर्षे एकाच साधनावर सोपवलेली होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहायला घेतलेल्या गिटचा गाभा सी भाषेत आहे, पण चाचण्या लिहिल्या गेल्या त्या शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवर दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या भाषेत. वापरणाऱ्याच्याच आज्ञा देऊन आलेले उत्तर तपासायचे असेल तर ही निवड योग्यच होती; परंतु आतले एखादे सी फंक्शन तपासायचे झाले की त्यासाठी सीमध्ये मदतनीस प्रोग्राम लिहावा लागे, तो शेलमधून चालवावा लागे आणि त्याने छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहावा लागे. त्यात दरवेळी नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची स्वतंत्र धाव, सुरू होई, जी विंडोजवर विशेष वेळ खाते. शिवाय चूक सीमधली आणि तक्रार शेलमधली, त्यामुळे ती शोधणाऱ्याला दोन्हीकडे हेलपाटे घालावे लागत.

२०२३ च्या अखेरीस युनिट टेस्ट सीमध्येच लिहिण्याची सोय प्रकल्पात आली, तर २०२४ मध्ये त्यासाठी क्लार ही चौकट, म्हणजे चाचण्या लिहिण्या-चालवण्याची तयार सामग्री, लिबगिट२ या संबंधित प्रकल्पातून घेण्यात आली. इतक्या मुरलेल्या प्रकल्पाला एवढ्यासाठी अठरा वर्षे लागावीत, याचे नवल वाटते. जुन्या चाचण्या एकेक करून हलवता आल्या, कारण दोन्ही भाषांतल्या चाचण्या आपला निकाल टॅप नावाच्या एकाच साध्या मजकुरी स्वरूपात देऊ शकतात, आणि त्या चालवणाऱ्या साधनाला भाषेची चौकशी करावी लागत नाही. शेलमधला मोठा चाचणीसंच मात्र कायम ठेवण्यात आला आहे, कारण क्लोन (प्रकल्पाची पूर्ण प्रत घेणे) किंवा मर्ज (वेगवेगळे बदल एकत्र करणे) ही आज्ञा दिल्यावर वापरणाऱ्याच्या फायलींचे काय होते, हे सीमधले सुटे फंक्शन तपासून कळत नाही.