बँकांचे भांडवल आणि राष्ट्रांचे हितसंबंध

बँक जो पैसा कर्जाऊ देते तो बहुतांशी ठेवीदारांचा असतो; तिचे स्वतःचे भांडवल त्या मानाने अल्प असते. कर्जे बुडाली, तर तोटा प्रथम या भांडवलातून भरून निघतो आणि ते अपुरे पडले, तर भार ठेवीदारांवर किंवा सरकारी तिजोरीवर येतो. म्हणून भांडवल किती असावे हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटला, तरी तोटा कोणी सोसावा, हाच त्यामागील खरा प्रश्न होय.

१९७४ साली पश्चिम जर्मनीतील हेरस्टाट बँक बुडाली, तेव्हा तिचे हादरे अन्य देशांतही जाणवले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे बँक-पर्यवेक्षणासाठी एक समिती स्थापन केली. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परकीय कर्जे फेडण्यास असमर्थता दर्शविली आणि बड्या अमेरिकी बँका संकटात सापडल्या. अमेरिकी काँग्रेसने १९८३ च्या कायद्यान्वये भांडवलाची किमान पातळी ठरविण्याचा अधिकार पर्यवेक्षकांना दिला. परंतु केवळ आपल्याच बँकांवर असे बंधन घातले, तर कमी भांडवलावर व्यवहार करणाऱ्या जपानी बँका त्यांना मागे टाकतील, अशी भीती होती. नियम सर्वांना समान असावेत, हा अमेरिकेचा आग्रह यातूनच निर्माण झाला.

जानेवारी १९८७ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी परस्परांत सामाईक नियमांचा प्रस्ताव मांडला. न्यूयॉर्क आणि लंडन या दोन्ही बाजारपेठा एकत्र आल्यावर इतर राष्ट्रांना अलिप्त राहणे परवडण्याजोगे नव्हते. त्यांनी वाटाघाटी केल्या त्या मुख्यतः व्याख्येविषयी. भरणा झालेले भागभांडवल आणि प्रकट राखीव निधी एवढ्यालाच भांडवल म्हणावे, असे पश्चिम जर्मनीचे मत होते. जपानी बँकांजवळ इतर कंपन्यांचे पुष्कळ भाग होते. त्यांच्या वाढलेल्या बाजारभावातील न वटविलेला नफाही धरावा, असा जपानचा आग्रह होता. अमेरिकेला काही प्रकारचे अग्रहक्क भाग त्यात हवे होते.

जुलै १९८८ मध्ये तडजोड झाली. जोखमीनुसार भारित केलेल्या मत्तेच्या ८ टक्के भांडवल १९९२ अखेर असावे, त्यातील निम्मे तरी मूळ स्वरूपाचे असावे, असे ठरले. दुय्यम भांडवलात जपानच्या अप्रकट नफ्याचा ४५ टक्के भाग धरण्यास मुभा मिळाली. १९९० पासून टोकियोचा शेअरबाजार कोसळला, तेव्हा हाच आधार आटू लागला. जी सवलत मोठ्या प्रयासाने मिळविली, तीच संकटकाळी दुबळी ठरली.

जे या वाटाघाटींत नव्हते त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य सरकारांना दिलेल्या कर्जासाठी बँकेला काहीच भांडवल लागत नसे. तुर्कस्तान सदस्य असल्याने त्याला हा लाभ मिळाला. भारत सदस्य नसल्याने भारत सरकारला परकीय चलनात दिलेल्या शंभर रुपयांच्या कर्जामागे मात्र आठ रुपये राखावे लागत. तरीही नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने १९९२ पासून हे निकष भारतात टप्प्याटप्प्याने लागू केले. बाझल समितीत भारताला स्थान मिळाले ते २००९ साली.

सामाईक नियम अनावश्यक होते, असा याचा अर्थ नव्हे. मात्र समान दिसणाऱ्या आकड्यामागे कोणाची सोय पाहिली गेली, हे ओळखल्याखेरीज त्या आकड्याचे मोल कळत नाही.