अप्रेझल कमी आलं तर काय? खरेदीदाराच्या बाजूने एका आकड्याचं वाचन

अमेरिकेत कर्ज काढून घर घेताना किंमत दोनदा ठरते. एकदा तुमच्यात आणि विकणाऱ्यात, आणि दुसऱ्यांदा बँकेच्या वतीने अप्रेझर घर बघून जातो तेव्हा. समजा करार झाला ४ लाख डॉलरला आणि अप्रेझरने लिहिलं ३ लाख ८० हजार. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांना ‘अप्रेझल’ हा शब्द नीट कळतो तो अशा वेळी. रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी हे का वाचायचं? कारण आकडा कसा तयार झाला हे माहीत नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण सहज मिळत नाही.

आधी हिशोब. कर्ज ठरवताना बँक करारातली किंमत आणि अप्रेझल यांतला लहान आकडा धरते. तुम्ही २० टक्के, म्हणजे ८० हजार भरणार होता आणि कर्ज घेणार होता ३ लाख २० हजार. आता ३ लाख ८० हजारांच्या ८० टक्के, म्हणजे ३ लाख ४ हजारच मिळणार. विकणारा ४ लाखांवर अडून बसला तर तुम्हाला ९६ हजार उभे करावे लागतील. फरक २० हजारांचा, पण खिशातून जादा जातात १६ हजार. तेही जायलाच हवेत असं नाही बरं का! पूर्वीचंच ३ लाख २० हजारांचं कर्ज मागितलं तर ते नव्या किमतीच्या साधारण ८४ टक्के होतं. बँक तयार असेल तर मॉर्गेज इन्शुरन्सचा खर्च वाढतो, पण रोख तेवढीच लागते. खरी कोंडी होते ती ५ टक्केच हाताशी असणाऱ्याची. त्याला २० हजारांऐवजी ३९ हजार लागतात. घर तेच, आकडा तोच, पण एकाला नुसता चिमटा बसतो आणि दुसऱ्याचा व्यवहारच मोडतो.

आता हा आकडा येतो कुठून? जवळपास नुकत्याच विकल्या गेलेल्या, सारख्या दिसणाऱ्या काही घरांशी तुलना करून. त्यांना ‘कॉम्प्स’ म्हणतात. पण गंमत अशी की अप्रेझरला तुमचा विक्री करार आधीच दिलेला असतो, आणि तो तपासणं व्यवसायाच्या नियमांनुसार त्याचं कामच आहे. म्हणजे हे ‘ब्लाइंड’ मोजमाप नाही. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये एक प्रयोग केला. एकच घर विद्यार्थ्यांना आणि अनुभवी एजंटांना दाखवलं, माहितीचा गठ्ठाही दिला, फक्त त्यातली मागणी किंमत वेगवेगळी ठेवली. दोघांचेही अंदाज त्या किमतीच्या मागे सरकले. (ते एजंट होते, अप्रेझर नव्हते, पेपर उद्धृत करताना हे सोडू नका.) प्रत्यक्षातही बहुतेक अप्रेझल कराराइतकी किंवा किंचित वर येतात. म्हणून कराराची किंमत समोर असूनही आकडा खाली आला, तर तो मला जास्त बोलका वाटतो. एकतर तुम्ही चढ्या भावाने बोली लावली आहे, नाहीतर कॉम्प्स चुकीचे निवडले आहेत.

दुसरी शक्यता किरकोळ समजू नका. फ्रेडी मॅकने २०२१ मध्ये १ कोटी २० लाखांहून जास्त अप्रेझल तपासली. श्वेतवर्णीय वस्त्यांत ७.४ टक्के अप्रेझल कराराखाली होती, कृष्णवर्णीय वस्त्यांत १२.५ आणि लॅटिनो वस्त्यांत १५.४ टक्के. यावरून लगेच कारण सिद्ध होत नाही, पण आकड्याला आव्हान देता येतं एवढं नक्की कळतं.

मग करायचं काय? रिपोर्टची प्रत मागा. ती विनामूल्य मिळणं हा तुमचा हक्क आहे. चौरस फूट, बाथरूमची संख्या, दुरुस्त्या नीट नोंदवल्यात का बघा. कॉम्प्स दुसऱ्या शाळेच्या हद्दीतले किंवा हायवेपलीकडचे आहेत का? चूक सापडली तर अप्रेझरला फोन करू नका, बँकेकडे फेरविचाराचा लेखी अर्ज द्या. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांनी २०२४ पासून अशी सोय बँकांना बंधनकारक केली आहे. तुम्ही जास्तीत जास्त पाच कॉम्प्स सुचवू शकता. ‘किंमत कमी वाटते’ हा युक्तिवाद नव्हे. शेजारच्या घराची मागणी किंमतही पुरावा नाही, झालेली विक्री हवी.

अर्ज चालू असतानाच विकणाऱ्याशी बोला. करारात अप्रेझलची अट असेल तर तुमची बाजू भक्कम असते, मात्र तिची मुदत आधी बघा. एफएचए कर्जात, काही अपवाद सोडले तर, अप्रेझल कमी आल्यास इसार न गमावता मागे फिरण्याची मुभा करारातच लिहावी लागते. अट सोडून दिली असेल तर मात्र इसारावर पाणी सोडायची तयारी ठेवा.

आणि कुणी या डेटावर काम करणार असेल तर एक लक्षात ठेवा. मोडलेले व्यवहार विक्रीच्या नोंदीत येतच नाहीत, आणि घासाघीस करून खाली आलेली किंमत तिथे ‘बाजारभाव’ म्हणून दिसते. फक्त झालेल्या विक्री घेऊन अप्रेझल किती अचूक हे मोजलंत, तर उत्तर आहे त्यापेक्षा छान दिसेल.